नाकाशी धरलेली वात

आमच्या चामटोली गावात माणूस गेला की नाही, हे ठरवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. बायकांनी हंबरडा फोडायच्या आधी मला बोलावणं यायचं. मी कापसाची वात घ्यायचो, एक तंतू सुटा करून नाकाशी धरायचो. हलला तर डॉक्टरकडे पळायचं, नाही हलला तर बांबू आणायला माणूस धाडायचा. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण या कामात मी कधी चुकलो नव्हतो.

नव्वदनंतरची गोष्ट. धाकट्या भावाला न्यूमोनिया झाला. बदलापुरातून त्याला उल्हासनगरला, कॅम्पातल्या एका खाजगी हॉस्पिटलात हलवला. तिथं तोंडातून नळी घालून श्वासाच्या मशीनला जोडला. भाताचं पोतं एकटा पाठीवर घेणारा गडी, पण आठवडा उलटला तरी मशीन निघेना. ताप उतरला म्हणायचे, फुफ्फुस सुधारलं म्हणायचे. मग मशीन कशाला? एका वेळी एकालाच पाच मिनिटं आत सोडायचे, आणि पडदा अर्धा ओढलेला. सुधारलेल्या माणसाला पडदा कशाला, हेही मला कळेना. खाली चहावाल्याकडे एक जण बोललाच, "मेलेल्यालापण ठेवतात मशीनवर. छाती हलते, आपल्याला वाटतं जिवंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यातली वात खिशात घालून गेलो.

सिस्टर पलीकडच्या खाटेकडे वळली, तसा मी तंतू भावाच्या नाकाशी धरला. मशीन फुस्स करायचं, छाती वर यायची. तंतू ढिम्म. दुसऱ्या नाकपुडीशी धरला. ढिम्म.

बाहेर दाराशीच बाकावर भावजय बसली होती. तिला म्हटलं, "गेलाय तो. मशीन मड्याला वारा घालतंय."

ती बाकावरून खालीच घसरली. मनगटावर मनगट आपटलं, हिरव्या बांगड्यांतल्या दोन फुटल्या. सिस्टर धावत आली. "ओ काका, काय लावलंय हे? कोण गेलं?"

तरुण सिंधी डॉक्टर आला. मी वात पुढे केली, म्हटलं, नाकाशी हलत नाही. तो हसला असता तर मी त्याची कॉलर धरली असती. हसला नाही. आम्हा दोघांना आत घेऊन गेला.

"नाक से हवा नहीं आएगी, काका. नली गले के अंदर तक है, और बाजू से हवा न निकले इसलिए छोटा फुगा फुलाया है. साँस नलीतूनच जाते-येते." मग भावाच्या कानाशी वाकून म्हणाला, "भाऊ, डोळे उघडा."

भावानं उघडले. आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते बघणं मी अजून विसरलो नाही.

पण माघार घेणं आपल्या रक्तात नाही. "जिवंत आहे ना? मग काढा मशीन."

डॉक्टरनं नळी मशीनपासून सोडवली आणि तिला नुसता ऑक्सिजन लावला. भावाच्या गळ्याची खळगी आत ओढली जायला लागली. कपाळ घामानं भिजलं. डॉक्टरनं लगेच परत जोडली.

"छाती और पेट के बीच में जो पडदा है ना काका, साँस वो खींचता है. बीमारीनं तो थकला, आणि इतके दिवस मशीन साँस देत राहिली, तो बैठे-बैठे पतला हो गया."

"म्हणजे तुमच्या मशीननंच केलं."

"हो. और उसी ने बचाया भी."

असं तोंडावर कबूल करणारा माणूस बघून संशय जरा ढिला झाला. गेला नाही. मी म्हटलं, "चार महिने गोठ्यात उभा राहिलेला बैल आम्ही पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. आधी रिकामी गाडी, तीही बांधापर्यंतच."

"वही तो करना है," डॉक्टर म्हणाला. "कल से."

दुसऱ्या दिवसापासून मशीन थोडा थोडा वेळ सोडायला लागले. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग पंधरा, मग अर्धा तास, मध्ये विश्रांती. एक दिवस तर भाऊ मागेच गेला, पाच मिनिटांतच दमला. त्यांच्या मशीनवरच्या आकड्यांवर माझा विश्वास नव्हता. सिस्टरशी भांडून, लांबूनच, नळीच्या उघड्या तोंडासमोर वात धरायचो. तंतू आधी थरथरला, मग एकेक दिवस जोरानं डोलायला लागला.

शेवटी नळी काढली. मी सवयीनं वात नाकाशी नेली, तर घोगऱ्या आवाजात भाऊ म्हणाला, "दादा, एकदा मारलंस ना मला? आता ती वात देवापुढं लाव." दाराबाहेरचं माझं बोलणं त्याला आत सगळं ऐकू आलं होतं म्हणे.

भावजय तोंड फिरवून बसली होती. घरी जाताना अंबरनाथला उतरलो, शिवमंदिराकडच्या कासाराकडून हिरव्या बांगड्यांचा डझन घेतला. थोरल्या दिरानं हातात द्यायच्या नसतात, म्हणून बायकोकडून पाठवल्या. "कशाला पाठवल्या विचारलं तर काय सांगू?" बायकोनं विचारलं.

"सांग, फुटल्या होत्या म्हणून."

चुकलं, असं मी म्हटलं नाही. पण त्यानंतर गावात कुणाच्या नाकाशी वात धरली नाही. बोलावणं आलं की म्हणायचो, आधी डॉक्टरला बोलवा.