फ्रीजरच्या खोलीतला एसी

हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. एकदा बहिणीपुढे तोंड उघडलं होतं, पण ऐन वेळी पाण्याच्या टाकीचं काहीतरी बोलून मोकळी झाले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय. की हीही एक पळवाटच? असेल. पळवाटा काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

मी वर्ध्यात एका कॉलेजात संशोधन प्रयोगशाळा चालवते. काम सिकलसेलवर — आमच्या भागात घरोघरी माहीत असलेला रक्ताचा आजार. राहायला पवनारला. माहेरही तिथलंच, धाम नदीच्या काठाला आमची भाजीची वाडी, वांगी-मेथी-पालक. घरात पैसा बरा होता, पण काही वाया गेलेलं आईला खपत नसे. खोलीतून बाहेर पडताना पंखा चालू राहिला की मागून आवाज यायचाच — "खोलीत माणूस नाई, तं पंखा काऊन चालू हाये?" आम्ही भावंडं पळत जाऊन बटण बंद करायचो. ती सवय अंगात इतकी मुरली की अजूनही परक्याच्या घरी मी दिवे मालवत फिरते. नवरा लाजतो.

अशा बाईच्या हाती प्रयोगशाळा आली की काय होणार? तुम्हाला कल्पना नसेल, पण विज्ञानाचं घर फार उधळं असतं. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळ्या रोज पोतंभर निघतात. थोडंसं शुद्ध पाणी काढायला बादल्याच्या बादल्या नळाचं पाणी गटारात जातं. आणि वीज! रक्ताचे नमुने ठेवायचा एक मोठा फ्रीजर एका अख्ख्या घराएवढी वीज खातो. रोगावर औषध शोधायचं आणि त्यापायी हवा-पाणी नासवायचं, हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही. तेवढं एक खरं माना.

मग मी कंबर कसली. जिथे चालतं तिथे काचेच्या नळ्या आणल्या, धुऊन परत वापरायच्या. पाण्याचा पाइप वळवून आवारातल्या कडुनिंबांना सोडला. फ्रीजर उणे ऐंशीवर चालायचा, तो उणे सत्तरवर आणला. नमुन्यांना काही होत नाही आणि वीज वाचते. सगळे कुरकुरले. पाठीमागे मला 'लाइटवाली मॅडम' म्हणायचे, ते मला माहीत होतं आणि आवडायचंही. बिल खाली आलं तेव्हा विभागप्रमुख सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कौतुकाची चटक वाईट. कमी झालेलं बिल मला आणखी कमी करायचं होतं.

आमची फ्रीजरची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला. तिथे एसी दिवसरात्र चालायचा. माणूस त्या खोलीत दिवसातून फार तर दोनदा जाणार. शनिवारी दुपारनंतर सोमवारपर्यंत कोणीच नाही. तुम्ही म्हणाल, मॅडम, खोलीत फ्रीजर होता ना? होता. फ्रीजर आतलं थंड ठेवतो म्हणजे आतली सगळी गरमी बाहेर खोलीत फेकतो, आणि खोलीच तापली तर ती गरमी जाणार कुठे — हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. शिकवते, पण त्या शनिवारी मला फक्त आईचा आवाज ऐकू येत होता. दुपारी सगळे गेल्यावर मी एसी बंद केला. कोणी परस्पर चालू करू नये म्हणून रिमोट माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

मे महिना होता. वर्ध्याचा मे मी तुम्हाला काय सांगावा?

आता प्रणिताबद्दल सांगते. इथवर मी तिचं नाव टाळत आले, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

प्रणिता माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. समुद्रपूरकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी, बारीक चणीची, बोलायला कमी. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीने गावोगाव फिरायची. सिकलसेल असलेली घरं शोधायची, त्यांच्या ओसरीवर बसून, चहा पिऊन, समजावून रक्ताचे नमुने घ्यायची आणि त्याच दिवशी परत आणून फ्रीजरमध्ये लावायची. कित्येक वर्षांचं तिचं काम त्या एका फ्रीजरमध्ये होतं. कारंजा घाडगेजवळच्या ढाब्यावर पोळ्या लाटणारी एक बाई होती. तिचा मुलगा या आजारात गेला. त्याचा नमुना प्रणिताने तो असताना घेतलेला. पुढे ती तिकडे गेली तेव्हा त्या आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, त्याचं रक्त तुमच्याजवळ हाये ना अजून? सांभाळून ठेवजा. तेवढंच राह्यलं त्याचं." प्रणिताने हे मला डबा खाताना सांगितलं होतं, आणि मग तिच्याने जेववेना. म्हणजे मला माहीत होतं. त्या खोलीत कोण कोण होतं ते मला नीट माहीत होतं.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी सर्वांच्या आधी पोहोचले. जिन्यातच फ्रीजरचा अलार्म ऐकू आला. केव्हापासून वाजत होता कोण जाणे, रविवारी रिकाम्या इमारतीत ऐकणार कोण? खोलीचं दार उघडलं आणि चुलीपुढे वाकल्यावर लागते तशी धग तोंडावर आली. फ्रीजरचा आकडा शून्याच्या वर गेलेला. फ्रीजरचं दार बंद होतं. हॅन्डल पूर्ण खाली, खटका बसलेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं — बंद होतं.

मी ते उघडलं. वरच्या खणातलं पुठ्ठ्याचं खोकं हातात घेतलं तर बूड गळून पडलं. नळ्यांमधलं रक्त पातळ झालं होतं, लेबलं सुटून पाण्यात आली होती. पण तळाच्या खणात बर्फ शिल्लक होता. बोटांनी चाचपला मी तो. खालच्या मजल्यावर दुसऱ्या विभागाचा फ्रीजर चालू होता. त्यांना फोन केला असता, दोघीतिघींना हाताशी घेतलं असतं, तर तळाचं बरंचसं वाचलं असतं.

मग मी काय केलं?

मी माझ्या टेबलाशी गेले, कुलूप काढलं, रिमोट घेतला आणि एसी चालू केला. अठरावर. माणसं येण्याआधी ती खोली थंड व्हायला हवी होती — माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं. खोली तापलेली दिसली असती तर पहिला प्रश्न एसीचा आला असता, आणि एसीचं उत्तर माझ्या खणात होतं. मी अलार्म बंद केला. स्टूल घेऊन बसले. एसी घरघरत होता, तळाच्या खणातून थेंब गळत होते, आणि मी मनात म्हणत होते, लवकर, लवकर. हे मी बर्फाला म्हणत नव्हते, खोलीला म्हणत होते. हात लावून भिंत पाहिली. भिंत निवायला वेळ लागतो. तोवर तळाचा बर्फ संपला. त्या खणात ढाब्यावरल्या त्या बाईच्या मुलाची नळी होती की नाही? मला माहीत नाही. मी पाहिलं नाही.

उठताना मी फ्रीजरचं दार लावलं नाही. विसरले असं म्हणायला मला आवडेल. विसरले नव्हते. बोटभर फट ठेवली.

सर आले, प्रणिता आली. सरांनी ती फट पाहिली आणि म्हणाले, "दार उघडं राहिलं वाटतं." मी म्हटलं, "हो." एवढंच. त्या 'हो'ला किती कमी वेळ लागला! शनिवारी फ्रीजर शेवटचा कोणी उघडला होता, हे विचारायचीही गरज नव्हती. प्रणितानेच. दुपारच्या बसने नमुने घेऊन आली होती ती.

"मॅडम, मी दार लावलं होतं जी. हॅन्डल दाबून पाह्यलं होतं, मले पक्कं आठवते." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली, सरांकडे नाही. तिला वाटत होतं, मी तिच्या बाजूची आहे. मी म्हटलं, दाराचं रबर जुनं झालंय, नीट दाबावं लागतं, होतं कधी कधी. इतक्या मऊ आवाजात म्हटलं! दुपारपर्यंत तिला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन पाया पडली. "चुकलं जी माह्यं," म्हणाली. मी तिला उठवलं आणि पाणी दिलं.

तिच्यावर कारवाई करू नका, असं मीच सरांना सांगितलं. त्यावर विभागात माझ्या मोठ्या मनाची चर्चा झाली. वर्षानुवर्षांचं काम विद्यार्थिनीने घालवलं, तरी बाईंनी एका शब्दाने दुखावलं नाही! मी ते ऐकून घेतलं. नको म्हणायला हवं होतं ना? पण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

प्रणिता एकटी कारंज्याला जाऊन आली. त्या आईला सांगायला. मी तिला जाऊ नको म्हटलं होतं, पत्र पाठवू म्हटलं होतं. ती म्हणाली, तोंडानं मागितलं होतं त्यांनी, तोंडानंच सांगावं लागेल. तिथे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुन्हा नमुने गोळा करायला तिने सुरुवात केली, पण गावात गेली की ओसरीवर बसून राहायची आणि रक्त मागायची तिची जीभच रेटेना. काही महिन्यांनी तिने पीएच.डी. सोडली. आता समुद्रपूरला एका शाळेत विज्ञान शिकवते. मागे एकदा वर्ध्याच्या बसस्टँडवर भेटली. मला पाहून हसली, माझी पिशवी हातात घेतली. बोलता बोलता म्हणाली, "घरच्या फ्रीजचं दार बी मी उठून उठून पाहते, मॅडम. घरचे सारे मले हसते." मीही हसले. काय करायला हवं होतं मी? बस लागेपर्यंत ती माझ्याजवळ उभी होती. सांगायला भरपूर वेळ होता.

फ्रीजरच्या खोलीतला एसी मी त्या सोमवारनंतर कधी बंद केला नाही. नवा फ्रीजर आला तेव्हा म्हटलं, कंपनीची तशी अट आहे. कोणी काही विचारलं नाही. पण भाषणात मात्र एसी बंद ठेवण्याचं तसंच राहिलं. हो, भाषणं. कमी विजेत, कमी पाण्यात, कमी प्लास्टिकमध्ये संशोधन कसं करावं, हे सांगायला मला कॉलेजं बोलावतात. माझं काम चांगलं आहे, लोक करूनही पाहतात. पडद्यावर मी वाचवलेल्या विजेचा आकडा दाखवते. त्या आकड्यात त्या मे महिन्यातली बंद एसीची वीज आहे. ती वगळली तर आकडा का बदलला, असं कोणी तरी विचारेल. म्हणून 'माणूस नसलेल्या खोल्यांचे एसी बंद ठेवा' हे वाक्य मी अजून दाखवते. फ्रीजरची खोली सोडून — एवढे तीन शब्द जोडायचे होते. पण ते जोडावे तर सोबत आलेले माझे सहकारी समोर बसलेले असतात. तुम्हाला कसं कळलं, मॅडम? असं एखाद्याने सहज विचारलं तर? या भीतीने मी प्रत्येक ठिकाणी ते तीन शब्द गिळले.

या मे महिन्यात एका कॉलेजमधून फोन आला. नाव सांगत नाही. मी तिथे बोलून आले होते. फोनवर तिथले प्राध्यापक होते, आवाज बसलेला. जोडून सुट्ट्या आल्या, परतल्यावर पाहतात तर फ्रीजर बंद पडलेला आणि आतलं सगळं गेलेलं. तुम्ही सांगितल्यासारखंच सगळं करत होतो मॅडम, म्हणाले, सगळं. शेवटी खोली बंद करून गेले ते त्यांचे प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला आलेले गृहस्थ. ते म्हणतात, मी सगळं नीट पाहून गेलो होतो, आणि रडतात. तुमच्याकडेही असं झालं होतं ना, मॅडम? तेव्हा काय निघालं होतं?

  

मी म्हटलं, दाराचं रबर तपासा. आणि शेवटचा फ्रीजर कोणी उघडला होता, ते त्या सहायकांना विचारा.

त्यांनी माझे आभार मानले. मी त्यांना अजून परत फोन केलेला नाही.