पेपर दिसला पाहिजे

पेणजवळच्या गडब गावची नूतन रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, माल रवाना करायच्या खात्यात बारा वर्षं नोकरी करत होती. लहानपणापासून नजर अधू; अक्षर अंगठ्याएवढं असलं तरच वाचता यायचं. तरी कामात बोट ठेवायला तिने कुणाला जागा दिली नव्हती. तिनेच काम शिकवलेले दोघं एमबीए करून तिचे साहेब झाले, तेव्हा चौतिसाव्या वर्षी तिनेही प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला.

अर्जात मोठी अक्षरं मागितली होती, दाखलाही जोडला होता. पनवेलपलीकडच्या केंद्रावर पोचली, तर संगणकावर मुंग्यांची रांग.

"याच्याहून मोठं होत नाही, मॅडम," पर्यवेक्षक म्हणाला. "जास्तीचा वेळ दिलाय ना?"

पडद्याला नाक लावून ती एकेक ओळ लावत राहिली. आलेखातल्या रेषा तर दिसेचनात. वेळ संपला तेव्हा निम्मे प्रश्न बघायचेही राहिले होते.

घरी वडिलांनी, बाबाजींनी, विचारलं, "कसा गेला गो पेपर?"

"दिसलाच नाय, बाबा."

मग वर्षभर तक्रारी. जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचा, पलीकडून दुसऱ्याच टेबलाचा नंबर मिळायचा. 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं सहा वेळा कळलं. सातव्या खेपेला परीक्षा कार्यालयातल्या मृणालीबाईंनी फोन घेतला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? काय दिसतं नि काय नाही, ते इथे कुणालाच कळत नाही. तुम्ही येऊन तपासून द्याल?"

नूतनला आधी संतापच आला. आपलीच अडचण, ती सोडवायचीही आपणच? तरी रजा टाकून ती चारदा मुंबईला गेली. अक्षर मोठं केलं की उत्तराचे पर्याय पडद्याबाहेर जातात, पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो, आलेखातले आकडे खाली लिहूनही हवेत, असं एकेक सांगत बसली.

"परीक्षा तुझी का त्यांची गो?" बाबाजी कुरकुरले. "अभ्यास कवा करणार?"

अभ्यास राहिलाच. पुढच्या परीक्षेला केंद्र पेणला मिळालं. शेजारी दिशा नावाची, तिच्यासारखीच नजर असलेली मुलगी होती. तिने कळ दाबली, अक्षरं हवी तेवढी झाली, आणि ती सोडवायला लागली. कुणाला काही विचारावंही लागलं नाही. नूतन क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली.

नूतनने शेवटचा प्रश्नही वाचला. गणितात मात्र ती कच्ची पडली. गुण बेताचेच आले. शनिवार-रविवारच्या वर्गाला, प्रतीक्षा यादीतून, कशीबशी जागा मिळाली.

"आता तरी खूश हायस ना?" बाबाजींनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "पण दमले, बाबा. जरा पडते."

आणि भर दुपारी, चप्पलही न काढता, ती ओटीवर आडवी झाली.