आक्कांची पहिली पंगत

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आक्कांना, घाई लावणारा माणूस अख्ख्या कवठे महांकाळात जन्माला यायचा होता. थोरले भाऊजी पलटणीत, त्यामुळं बैल घ्यायलाही बाजारात त्याच जायच्या. बैल चालवून बघायचा, बसवून उठवायचा, वैरण खाताना बघायचा आणि मग व्यापाऱ्याला सांगायचं, "जरा च्या पिऊन येते." तो बिचारा घायकुतीला यायचा. आक्का जाऊन बरीच वर्षं झाली, पण आठवल्या की मला आधी हसूच येतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. तिसऱ्या मुलानंतर त्यांनी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. घरात त्यांना पुन्हा बाळंतीण केलं: बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, डिंकाचे लाडू. आक्कांनी लाडू मजेत खाल्ले. पण पुढं काही महिन्यांनी पाळीत अंगावरून फार जायला लागलं. कंबर धरायची, विहिरीवर चक्कर यायची. "वारं शिरलं," म्हणत आत्याबाईंनी, आमच्या सासूबाईंनी, लुगड्यानं त्यांचं पोट आवळून बांधलं. शेजारणीनं काढा पाजला. जवळच्या डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली.

"काढून टाक. कटकट मिटंल," आत्याबाई म्हणाल्या.

"आवं, पोट माजं हाय. जरा हिंडून बघू द्या की!"

आणि मला घेऊन आक्का मिरजेला निघाल्या. गाडीत मात्र त्यांनी माझा हात सोडला नाही. "माजी आई अशीच अंगावरून जाऊन गेली गं," एवढंच म्हणाल्या. तोवर मला वाटायचं, ही बाई कशालाच भीत नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. गाठबीठ काही नव्हती. हे ऑपरेशनमुळंच झालं असंही नाही, म्हणाल्या. आधी गोळ्या, नाही थांबलं तर पिशवी आतून साफ करायची, आणि अगदीच गरज पडली तर काढायची.

"आत्ता न्हाई काढली तर मरीन का?"

"नाही. पण अंगात रक्त फार कमी आहे, ते आधी भरायला हवं."

"आन् काढली तर परत बसवता यील का?"

बाई हसल्या.

"मग जे परत बसवता येत न्हाई, ते सगळ्यात श्येवटी," आक्का म्हणाल्या. सौदा ठरला. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, गोळ्या चुकवू नका, आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं खाऊ नका. पोटभर आणि वेळेवर जेवा.

गोळ्यांबद्दल घरात कुणी हूं की चूं केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या पंगतीला आक्का ताट घेऊन बसल्या आणि घर हादरलं. पिशवी काढायला तयार असलेल्या आत्याबाई, सुनेनं आधी जेवावं याला मात्र तयार होईनात. "जनाची न्हाई तर मनाची तरी ठेव!"

"औशीद हाय, आत्याबाई," आक्का म्हणाल्या आणि मेथीची भाजी वाढून घेतली. मलाही शेजारी ओढून बसवलं.

त्यांचं अंगावरून जाणं हळूहळू कमी झालं, गालांवर रंग आला. पिशवी साफ करायचीही वेळ आली नाही. आत्याबाई मात्र रोज तोंड फिरवून चुलीपाशी बसून राहायच्या.

एके दुपारी त्या उठल्या, आपलं ताट घेऊन आल्या आणि आक्कांच्या शेजारी टेकल्या. कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "मला बी लय वरसं चक्कर येतीया गं."

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी तव्यावरची गरम भाकरी आणून पहिल्यांदा आत्याबाईंच्या ताटात वाढली.