बुलेटचे लांब फोर्क

लातूरच्या गॅरेजात मिस्त्रीनं आमच्या जुन्या बुलेटचे पुढचं चाक धरणारे फोर्क उघडले. तेलाचा तो कुबट वास आला आणि चाकूरचं आमचं अंगण आठवलं.

कॉलेजात असताना मी बाबांना न विचारता हेच फोर्क नांदेडहून वीतभर लांब करून आणले होते. गाडीचं नाक वर, सीट मागं उतरती. मला लई ऐट वाटली, पण बाबा भडकले. "घोडं बिथरल्यावानी दिसायलीय की! उद्याच पहिल्यासारखी करून आण."

पण गाडी नीट व्हायच्या आधीच त्यांना आईसोबत शिरूरला लग्नाला जायचं होतं. आई नेहमी सीटमागची दांडी धरून बसायची. चारचौघांत नवऱ्याला धरायची तिला लाज वाटे. त्या दिवशी गाडी हलताच ती मागं घसरली आणि "अगं बाई!" म्हणत तिनं बाबांच्या कमरेला मिठीच मारली. गल्ली संपली तरी हात सुटला नव्हता.

संध्याकाळी बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "राहू दे तसंच. सवय झाली."

एका दिवसात कसली सवय, मला कळेना.

"फोर्क मूळ मापाचे करू का?" मिस्त्रीनं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "आईला न्हाई आवडायचं."