खिशातला हात

पिपरी मेघेत आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. जुन्या टीव्हीच्या ट्रान्सफॉर्मरमधून बोटभर ठिणगी काढणं हा त्यांचा छंद. पण करंट आवरायला आधी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावणार, आणि मशीन चालू असेपर्यंत डावा हात खिशात, म्हणजे करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जायला नको. घरात नवा मिक्सर आला तरी त्याचीही पहिली परीक्षा बल्बच घेतो.

मी चिडवायचो, "मास्तर, देवापुढचा दिवा तरी थेट लावता ना?"

"तो तेलाचा हाय," ते गंभीरपणे सांगायचे.

परवा ठिणगी बघताना मला चेव आला. "बल्ब आहे ना, मग कशाला भ्यायचं?" म्हणत मी बोट पुढे केलं. खिशातला तो हात झटक्यात बाहेर आला आणि माझं मनगट धरून त्यानं मला मागे ओढलं.

"बल्ब मशीनले वाचवते भाऊ, मानसाले नाई."

मशीन बंद करून त्यांनी चहा मागवला. कप उजव्या हातात घेतला आणि डावा पुन्हा खिशात घातला.

आता तिथं गेलो की मी दोन्ही हात खिशात घालून बसतो. चहा आला की मास्तर म्हणतात, "काढा आता. एकच."