जाळीवरचा कागद

नरसय्यामामा कुणाच्याही घरी गेले की आधी वस्तू उलटून बघायचे. आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा नवा टीव्ही खोक्यातून काढून सोफ्यावर ठेवला होता. मी त्याची काच पदराने पुसत कौतुकाची वाट बघत उभी. मामांनी तो अलगद पालथा केला, पाठीमागची भोकं बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "हां. मागनं बरा हाय." मग सोफ्यावरच्या चादरीचं टोक उचलून तेही उलटलं. "ही आपली सोलापुरी. दोन्हीकडनं सारखी, निस्ता रंग उलटा. पुढनं काय, कोन बी सजवतंय की, आक्का. मागनं दाखवा म्हनावं."

मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, तरी सगळ्या इमारतीसारखी त्यांना मामाच म्हणायचे. तरुणपणी त्यांनी मागावर चादरी विणल्या. कारखाना बंद पडल्यावर वायरिंग शिकले. वायरी बांधायला ते प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरत नसत. खिशात रंगीत सुताची गुंडी असे. तिने विणकराची गाठ मारत. ती सुटत नसे आणि शोधूनही सापडत नसे.

तेव्हा मी नुकतीच निवृत्त झालेली साठीची तरुणी होते. अक्कल सोडून बाकी सगळं वाढत होतं. पुण्याच्या जावेकडे भिंतीवरचा टीव्ही बघून आले होते. एक वायर दिसत नव्हती, जणू टीव्ही भिंतीतूनच उगवलेला. मला तसाच हवा होता, आणि तिलाच बोलावून दाखवायचा होता.

मामा दोन दिवस खपले. भिंतीत झिरी मारली, पाइप पुरला, वायरी आतून ओढल्या. काम करताना बोलत होते. आमच्या सगळ्या इमारतीचं वायरिंग नव्याने करायचं ठरत होतं, आणि ते काम त्यांनाच मिळणार होतं. "येवढी बिल्डिंग केलो की हात धुवून घरी बसायचं बघा. जाता येता लोकं म्हनतील, ही नरसय्यानं केलेली हाय." हे सांगताना ते भिंतीकडे बघून हसत होते.

शेवटी त्यांनी टीव्हीखाली वीतभर कोनाडा केला. त्यात सॉकेट आणि दोन अडॅप्टर ठेवले आणि वर जाळीचं झाकण बसवलं.

"हे काय? उंदराचा पिंजरा?" मी म्हणाले.

"वायर झाकायची, आक्का. अडॅप्टर न्हाय. ते गरम हुतंय, त्याला वारं लागतंय."

"अहो, पण जाऊ येणार आहे. तिला आधी ही जाळीच दिसेल."

"मग जावंला जाळीला पाठ करून बसवा की."

मला हसू आलं नाही. तेव्हा मी स्वतःला फार मोठी रसिक समजत असे. मामा जिना उतरले न उतरले तोच मी बाजारात गेले, भिंतीच्या रंगाचा चिकट कागद आणला आणि जाळीवर असा बसवला की बोट फिरवलं तरी कळू नये. जाऊ आली. "छान आहे," म्हणाली, साबुदाणा वडे खाल्ले आणि गेली. टीव्हीकडे तिने दोनदा पाहिलं असेल. दुसऱ्यांदा तर वरच्या घड्याळात किती वाजले ते बघायला.

पुढे एप्रिलातल्या एका दुपारी मी पंखा लावून पडले होते. जळका वास आला. कोनाड्यातून धूर निघत होता. मेन स्विच बंद करेपर्यंत भिंत छतापर्यंत काळी झाली होती आणि टीव्ही गेला होता. शेजारी जमले. सोसायटीचे सेक्रेटरी आले. "काम कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"नरसय्यामामांचं," मी म्हणाले. आणि ते खोटंही नव्हतं. मी अशी हुशार.

मामांना बोलावलं. दहा माणसांच्या देखत त्यांनी झाकण काढलं आणि सवयीने मागून-पुढून बघितलं. नखाने खरवडलं, तशी जळक्या कागदाची एक पट्टी निघाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. त्यांनी पट्टीची घडी केली आणि सुताच्या गुंडीजवळ खिशात ठेवली.

"मामा, वय झालं आता," सेक्रेटरी म्हणाले. "बिल्डिंगचं काम आपण दुसऱ्याला देऊ."

"बरं," मामा म्हणाले. निघताना दारात, फक्त मला ऐकू जाईल इतपत आवाजात बोलले, "कागद लई सफाईनं चिकटवला हुता, आक्का."

पुन्हा ते आमच्या इमारतीत आले नाहीत. मीही त्यांच्याकडे गेले नाही. दहा वर्षं.

गेल्या वर्षी इस्त्रीवाल्याकडून ते वारल्याचं कळलं. तेव्हा कुठे मी विणकरांच्या पूर्व भागात त्यांचं घर शोधत गेले. त्यांची बायको लक्ष्मीबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. भिंतीवर टीव्ही होता. त्याच्या वायरी उघड्या, लाल सुताने ओळीत बांधलेल्या. अडॅप्टर खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला, वाऱ्यावर.

मी सगळं सांगितलं, कागदासकट. लक्ष्मीबाईंचे हात थांबले.

"मला तर म्हनाले, माझा हात चुकला," त्या म्हणाल्या. "आन मी त्यावरनं बोलत हुते त्यांना. जेवाय बसले की बोलत हुते. एका टीव्हीपायी अख्खा बिल्डिंग घालवला म्हून."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"मला सांगून काय हुतंय आता? जितं त्यांचं नाव घेतला, तितं सांगा."

त्यांनी पुन्हा विडीचं पान उचललं. बसा म्हणाल्या नाहीत, चहाचंही विचारलं नाही. बरोबरच होतं.

सोसायटीच्या पुढच्या सभेत मी उभी राहिले. सेक्रेटरी नवे, निम्मे फ्लॅट भाड्याने गेलेले. त्या दुपारी जमलेल्या दहांपैकी तिथे एकही नव्हता. तरी सगळं सांगितलं. जाळी, कागद, धूर, आणि मी काय बोलले ते. सेक्रेटरींनी वहीतून मान वर केली.

"पण आजी, नरसय्या कोण?"

मी सांगू लागले. त्यांनी आदराने मान डोलावली आणि पार्किंगचा विषय घेतला.

म्हणून हे लिहिलं. जाळी त्यांनी ठेवली होती. कागद माझा होता.