शबाना, मुग्धा आणि कुकडीकाठची राख

रविवारी बोरीला कुकडी नदीच्या काठावर गेलो होतो. मी, माझी लेक मुग्धा आणि जुन्नरच्या शाळेपासूनची माझी मैत्रीण शबाना.

शबाना भूवैज्ञानिक आहे. बारावीनंतर तिने हट्टाने जिऑलॉजी घेतलं आणि मी बी.ए. करून वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसले... ती आज घाटघरला, उद्या कुठल्या तरी धरणाच्या पायाशी. माझी खुर्ची तीच. तिचे मातीने भरलेले बूट दिसले तरी माझा जीव जळतो.

मुग्धाला अवसरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता, पण तिच्या डोक्यात जिऑलॉजी शिरलेलं. सोमवारी काय ते ठरवायचं होतं. म्हणून मीच शबानाला म्हटलं, जरा समजाव तिला...

काठाच्या मातीत एक पांढुरका थर आहे. शबानाने त्यातली चिमूट मुग्धाच्या तळहातावर ठेवली. "दातांत धरून बघ."

करकर वाजलं. "ज्वालामुखीची राख हाय ती. सुमात्राकडनं आलेली, हजारो वर्षांपूर्वी."

मुग्धा तोंड उघडं ठेवून बघत राहिली. माझ्या एकाही लेखाला तिने असा चेहरा केलेला नाही...

मग शबाना ठरल्याप्रमाणे सुरू झाली. "लई भुलू नको. सरकारी जागा कधी निघतील, नेम नाय. खाणीत गेलीस तर घर लांब. बोअरची जागा दाखवलीस अन् पाणी नाय लागलं, तर शिव्या तुला. वर इचारणार, मॅडम, तुमचे साहेब कुठंयत?"

अगदी मला हवं तेच बोलत होती. मुग्धाचा चेहरा उतरला.

आणि मीच उसळले. "बोगद्यांचं का नाही सांगत? धरणांचं? घाटात दरड कोसळली की कुणाला बोलावतात गं, मला?" किती वेळ बोलत होते, कोण जाणे. शबानाची सगळी कामं मला तोंडपाठ होती... इतकी वर्षं हेवा केला की होतंच तसं.

शबाना हसत सुटली. "मुग्धा, आधी तुझ्या आईचं ॲडमिशन कर राव!"

सोमवारी मुग्धाने पुण्यात जिऑलॉजीला प्रवेश घेतला. आजवर एकीवरच जळत होते, आता घरातही एक तयार होणार...

तिचे पहिले बूट मात्र मीच घेऊन देणार आहे. दुकानात जाऊन एकदा माझ्याच पायात घालूनही बघितले.